कमरेला बांधलेला आवाज

माझी आई हुबळीच्या एका कन्नड प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. सव्वीस वर्षे वर्गापुढे उभी राहून ती पाढे, कविता आणि बेरजा ओरडत आली, आणि त्याचा व्हायचा तो परिणाम तीन वर्षांपूर्वी झाला. स्वरतंतूंवर गाठी आल्या. डॉक्टर म्हणाले, "बाई, आवाज जपून वापरा." प्राथमिक शिक्षिकेला हे सांगणे म्हणजे कुंभाराला हात कोरडे ठेवायला सांगण्यासारखेच! तेव्हापासून आमच्या माळमड्डीच्या घरात ती कुजबुजते, आणि मोठा आवाज शाळेपुरता एका डबीतून काढते. कमरेला पट्ट्याने बांधायचा छोटासा लाउडस्पीकर आणि कानामागून ओठांपुढे येणारी माइकची बारीक दांडी. पहिल्या दिवशी मुले हसली. दुसऱ्या दिवशी विसरली.

गेल्या श्रावणात ही डबी मान टाकू लागली. रात्रभर चार्ज करावी, तर दुसरा तास संपायच्या आत मुकी. आई काही बोलली नाही (तशी ती हल्ली बोलतच नाही), पण संध्याकाळी चिगरी बसमधून उतरून घरी आली की मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सुरू होत. दुकानात चौकशी केली तर आतली बॅटरी सुटी मिळत नाही, सबंध यंत्रच नवे घ्या म्हणाले. नवे ऐकून पाहिले. त्यातून आईऐवजी कोणी तमाशातला सोंगाड्या बोलल्यासारखे वाटले. मी बी.एस्सी.चा विद्यार्थी, त्यातून विषय भौतिकशास्त्र. "मी बघतो," म्हणालो. या दोन शब्दांपायी आजवर किती घरांतले किती रेडिओ कायमचे गप्प झाले असतील, देव जाणे.

चार स्क्रू काढले. आत निळ्या प्लॅस्टिकच्या वेष्टनात दोन नळकांडी एकमेकांना टेकून निजलेली. १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी. म्हणून या सेलचे नावच १८६५०. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीत बहुधा हाच, विजेवरच्या कित्येक सायकलींत हाच. १९९१ साली सोनीने लिथियम-आयन सेल पहिल्यांदा बाजारात आणला, आणि ज्या तिघांच्या संशोधनावर तो उभा आहे त्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. एवढ्या मोठ्या माणसांची विद्या आपल्या स्वयंपाकघरातल्या पाटावर उघडी पडली आहे, याने मला जरा चढलेच.

मीटर लावला. एका सेलवर ३.९ व्होल्ट, दुसऱ्यावर १.१. म्हणजे रोग कळला. दोन सेल एकामागे एक जोडलेले. दोघांतून सारखाच प्रवाह जाणार. एक दमला की दुसऱ्यात शक्ती शिल्लक असूनही गाडी थांबते. बैलजोडीचाच न्याय हा.

भावाच्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी माळ्यावर पडून होती. ती फोडली, सहा सेल निघाले. त्यांतले दोन बरे निवडले, पूर्ण चार्ज केले, आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिकलेल्या डाखकामाच्या जोरावर बसलो जोडायला. सोल्डरिंगच्या इस्त्रीचे टोक तीनशे अंशांच्या वर तापते. सेलच्या आत दोन पत्र्यांना वेगळे ठेवणारा जो प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो, तो एकशेतीस अंशांच्या आसपासच वितळू लागतो. हे मला आज माहीत आहे. त्या दिवशी मला एवढेच माहीत होते की आईला सोमवारी शाळा आहे.

आणखी एक गोष्ट तेव्हा ठाऊक नव्हती. या सेलची धन बाजू म्हणजे वरची फक्त मधली टिकली. तिच्याभोवतीची कड आणि बाकीचे सगळे अंग ऋण. दोघांमध्ये अंतर जेमतेम मिलिमीटरभर, आणि राखण कोणाची, तर पातळ वेष्टनाची आणि कागदाच्या एका गोल चकतीची. ती चकती जुनी, काळपट झालेली दिसली म्हणून मी ती सोलून फेकून दिली होती! इस्त्रीच्या आचेने वेष्टन आक्रसले, निकेलची पट्टी कडेला टेकली, आणि क्षणात पट्टी लाल झाली. बोटाची कातडी तिला चिकटून सुटली. मी ओरडलो. अण्णा आतून आले, त्यांनी ओट्यावरची सांडशी उचलली आणि ते सगळे लटांबर धरून मागच्या अंगणात फरशीवर नेऊन टाकले. पट्टी जळून तुटली म्हणून निभावले. सेल अर्धा तास गरम होता. आम्ही दोघे दारात उभे राहून त्याच्याकडे पाहत होतो.

अण्णा रागावले नाहीत. इतकेच म्हणाले, "हे तू आईच्या कमरेला बांधणार होतास?"

मला बोट दुखत असल्याचे आठवेना. चिगरीतली गर्दी आठवली. आईच्या पदराला बिलगणारी पहिलीतली मुले आठवली.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात सरांना सगळे सांगितले. त्यांनी प्रवचन दिले नाही, उलट प्रश्नच विचारला: "तो १.१ व्होल्टचा सेल पुन्हा चार्ज केलास का?" नाही म्हटल्यावर ते खुर्चीत टेकले. हा सेल फार खाली उतरला की आतल्या तांब्याच्या पत्र्यातले तांबे द्रावणात विरघळते. पुन्हा चार्ज करताना ते भलत्याच ठिकाणी जमते आणि आतल्या आत जोड होऊ शकतो. मेलेला सेल उठवू नये, हे त्यांचे वाक्य मी प्रयोगवहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले आहे.

मग गेलो दुर्गदबैलाजवळच्या एका बोळात. तिथल्या अज्जांचा सगळा जन्म मोटारींच्या बॅटऱ्यांत गेला. पूर्वी मोटारीची बॅटरी संपली म्हणजे संपत नसे. वरचे डांबर काढायचे, प्लेटा बदलायच्या, नवे ॲसिड भरायचे, की पुन्हा ती कामाला लागे. शिशाची ही बॅटरी प्लाँते या फ्रेंच माणसाने १८५९ साली केली. अज्जांना त्याचे नाव माहीत नसेल, पण त्याची विद्या त्यांच्या सदऱ्यावर भोकाभोकांनी लिहिलेली होती. त्यांनी मीटर न लावताच माझी बॅटरी तळहातावर उलटसुलट केली. "तम्मा, ओंद सत्तैती," म्हणाले. एक मेला आहे. मी माझा पराक्रम सांगितल्यावर त्यांनी बोटावरची पट्टी पाहिली आणि मान हलवली. "इद आटा अल्ल." हा खेळ नव्हे. आमच्या ॲसिडने कपडे जळायचे, ही घर जाळील, असे त्यांचे म्हणणे.

मी एकाच जातीचे, एकाच क्षमतेचे दोन कोरे सेल घेतले. मीटरवर दोघे सारखे भरले. अज्जांनी नव्या कागदी चकत्या बसवल्या, पट्टी ठेवली, यंत्राची दोन तांब्याची टोके टेकवली, टक्, टक्. हे स्पॉट वेल्डिंग. प्रवाह मोठा, पण वेळ सेकंदाचा काही हजारावा भाग, त्यामुळे पट्टी चिकटते आणि सेलला आच कळतही नाही. ज्या कामात मी बोट भाजून घेतले ते त्यांनी चहा निवायच्या आत केले. वर एक छोटी हिरवी पाटी जोडली: सेल मर्यादेपलीकडे भरू लागला किंवा फार खाली उतरू लागला की ती वाट तोडते. तिच्या तारा मात्र मी माझ्या हाताने डाखल्या. तेवढा हट्ट अज्जांनी चालवून घेतला.

आईला ती लगेच दिली नाही. आठ दिवस गच्चीवर, मातीच्या रिकाम्या कुंडीत ठेवून चार्ज केली. दर पंधरा मिनिटांनी हात लावून पाहायचा, दोन्ही सेलांचे व्होल्ट वहीत मांडायचे, ४.२ च्या वर कोणी जाता कामा नये. मग माइक रेडिओपुढे धरून धारवाड आकाशवाणी लावून द्यायची आणि घड्याळ पाहायचे. पहिल्या दिवशी सहा तास चाळीस मिनिटे चालली. चौथ्या दिवशी शेजारच्या काकूंनी विचारले, "काय रे, शेतकऱ्यांचा कार्यक्रम सगळ्या माळमड्डीला ऐकवायचा विडा उचललायस का?" आठव्या दिवशीही आकडा तोच, आणि कुंडी थंड.

मेलेले सेल कचऱ्यात टाकायचे नसतात. २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून घेण्याची जबाबदारी त्या बनवणाऱ्यांवर आणि बाहेरून आणणाऱ्यांवर टाकली आहे. तूर्त मी टोकांना चिकटपट्टी लावून, डब्यात भरून ते अज्जांकडे पोचवले. त्यांच्याकडून जुना माल नेणारा माणूस येतो.

नवव्या दिवशी सकाळी आईने पट्टा बांधला, दांडी कानामागे अडकवली. मी पुढे होऊन पट्ट्याखाली हात घालून पाहिला, गरम तर नाही ना. तिने माझ्या बोटावरचा डाग पाहिला आणि बटण दाबले. तीन वर्षांनी आमच्या स्वयंपाकघरात तिचा मोठा आवाज घुमला, तोही मराठीत.

"चहा निवतोय. आणि संध्याकाळी अज्जांना लाइन बाजारचे पेढे नेऊन दे."

अण्णा न्हाणीघरातून म्हणाले, "काय म्हणालीस?" सवयीने विचारले असावे.