पहिलं सापडलेलं उत्तर

यंदा विवेकानंद जयंतीला हिवरा आश्रमला घरी होतो. महाप्रसादाला निघणार, तोच ऑफिसचा फोन. एक सर्व्हर जुन्याच डेटाबेसला जोडला जात होता. ज्युनियरला फोनवरच झापलं.

आमच्याकडे पपेट ही सगळी माहिती हायरातून घेतो. (काका, हिवरा नव्हे, हायरा!) आधी त्या सर्व्हरची फाइल, मग गटाची, शेवटी सगळ्यांची कॉमन. एरवी पहिलं सापडेल ते उत्तर, पुढे बघायचंच नाही. मी आपला कॉमनमध्येच तीनतीनदा डोकावतोय. नवा पत्ता तिथे बरोबर होता! शेवटी 'पपेट लूकअप'ला 'एक्स्प्लेन' जोडून चालवलं, तेव्हा कुठे कुठे शोधलं ते ओळीने दिसलं. जुना पत्ता सर्व्हरच्याच फाइलमध्ये होता. 'तात्पुरता' म्हणून कधीतरी मीच टाकलेला.

ओळ काढली. मग ज्युनियरला फोन करून माफी मागितली. तोवर पंगती उठल्या होत्या; आईने पुरी-भाजी डब्यात आणली होती.