मामा, याला रोग नाही!

ऑफिसमधल्या डेस्कवर काय ठेवायचं, याचीही फॅशन असते. एके काळी लकी बांबू 'इन' होता, मग कॅक्टस आले, मग तळहाताएवढ्या कुंडीतले सक्युलंट्स. आता जमाना 'व्हेरिगेटेड' झाडांचा आहे. म्हणजे हिरव्या पानावर पिवळा नाहीतर पांढरा रंग सांडलेला असलाच पाहिजे. पान जितकं कमी हिरवं, तितका भाव जास्त! साधा हिरवा वेल ज्या नर्सरीत शंभर रुपयांना मिळतो, तिथेच पिवळ्या पट्ट्यांच्या त्याच्या सख्ख्या भावाला अडीचशे मोजावे लागतात. आणि आपण मोजतो. मीही मोजले, आनंदाने.

माझ्या वेलाचं नाव फिलोडेंड्रॉन ब्राझील. पत्त्यांतल्या बदामासारखी पानं, कडेला गर्द हिरवी आणि मधोमध पोपटी-पिवळा पट्टा. ब्राझीलच्या झेंड्याचे रंग, म्हणून हे नाव. एक पान दुसऱ्यासारखं नसतं. एखाद्यावर नुसता ब्रशचा फटकारा, एखादं अर्धं-अर्धं. घरी येणारे बहुतेक जण त्याला 'मनी प्लांट' म्हणूनच हाक मारतात. फरक ओळखायची सोपी युक्ती सांगते. मनी प्लांटचं पान जाड, मेणचट असतं आणि देठाला वरून पन्हळीसारखी खाच असते. याचं पान पातळ, देठ गुळगुळीत, आणि नवं पान एका नाजूक पापुद्र्यातून बाहेर येतं. पान उघडलं की पापुद्रा वाळून गळतो. मनी प्लांट मूळचा पॅसिफिकमधल्या मोरेआ बेटाचा, तर हा मेक्सिको, कॅरिबियन ते ब्राझीलपर्यंतच्या जंगलांतला, झाडांच्या खोडांवर चढणारा. फिलो म्हणजे प्रेम आणि डेंड्रॉन म्हणजे झाड... ग्रीक नावातच त्याची लाइफस्टाइल आली! तरी दोघंही एकाच कुळातले. कुळ कुठलं? आपल्या अळूचं. सुरणही त्यातलाच. अळू घशाला खाजतं ते ज्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांमुळे, त्याच सुया या पानांतही असतात. त्यामुळे घरात रांगतं बाळ किंवा मांजर असेल, तर वेल त्यांच्या तोंडाच्या उंचीवर लोंबू देऊ नका.

गेल्या वर्षी बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी पुण्यातली रूम सोडून लॅपटॉपसकट उमरखेडला आले. फ्रीलान्सरला नेट असलं की पुरतं. ज्यांना उमरखेड माहीत नाही (म्हणजे माझे बहुतेक एडिटर!), त्यांच्यासाठी: जिल्हा यवतमाळ, पण जवळ नांदेड. नांदेडहून नागपूरच्या रस्त्याला हदगाव मागे टाकलं की पैनगंगेवरचा पूल लागतो. पुलाच्या अलीकडे मराठवाडा, पलीकडे विदर्भ. वेल माझ्यासोबत आला. रात्रभर रेल्वेत सीटखाली, नांदेडपासून पुढे एसटीत मांडीवर. कंडक्टरने तिकीट मागितलं नाही, एवढीच मेहेरबानी.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी मामा आले. बाबांची विचारपूस झाली, चहा झाला. मग त्यांचं लक्ष खिडकीकडे गेलं. कप खाली ठेवून ते उठले, एक पान हातात घेतलं, उलटं करून खालची बाजू बघितली आणि म्हणाले, "हे कुठून आणलं गं पोरी? मोझॅक हाय याच्यावर. उपटून फेक, दुसऱ्या झाडाला लागंल."

मला हसू आलं, पण आईचा चेहरा बघून ते तिथल्या तिथे विरलं.

२०२३ च्या पावसाळ्यात यवतमाळसकट विदर्भाच्या बऱ्याच भागात सोयाबीनवर यलो मोझॅक आला. मामांचं चार एकर त्यात गेलं. आधी दोन-चार झाडांच्या पानांवर पिवळे ठिपके, मग चट्टे, मग शेंगा भरायच्या दिवसांत अख्खं शिवार पिवळं. सोयाबीन काढणीला आलं की पिवळं पडतंच, ते चांगलं. हे पिवळं महिनाभर आधी आलं होतं. शेंगांत दाणा नाही, काढणीची मजुरीही निघेना. मामांनी उभ्या पिकात नांगर घातला. मुलीचं नर्सिंगचं ॲडमिशन त्या वर्षी राहिलं, ते पुढच्या वर्षी झालं. पान उलटं करून ते काय शोधत होते, हे मला नंतर कळलं. पांढरी माशी! हा विषाणू तीच पसरवते आणि ती पानाच्या खालच्या बाजूला बसते.

म्हणजे ज्या रंगासाठी मी नर्सरीत दीडशे रुपये जास्त दिले, तो रंग या घरात कोणालाही बघायचा नव्हता.

बरं, मामांची शंका अडाण्याची म्हणावी, तर तसंही नाही. मी थोडी शोधाशोध केली. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये ज्या पट्टेदार ट्युलिप्ससाठी लोक वेडे झाले, ते पट्टे विषाणूमुळे येत होते, हे कळायला विसावं शतक उजाडलं. आणि दुसरी गोष्ट तर थेट मामांची बाजू घेणारी. १८६८ मध्ये वेस्ट इंडिजमधून इंग्लंडला गेलेल्या अबुटिलॉनच्या रोपांत (हे जास्वंदीच्या कुळातलं झाड) एक चट्टेरी पानांचं रोप निघालं. लोकांना ते एवढं आवडलं की त्याच्या फांद्या लावून लावून युरोपभर बागा सजल्या. तो विषाणू होता, आणि सोयाबीनच्या मोझॅकच्या विषाणूचा भाऊबंदच. दोघंही बेगोमोव्हायरस, दोघांचं वाहन पांढरी माशी. एकाच्या बागेतली शोभा ती दुसऱ्याच्या शेतातली अवकळा!

माझ्या वेलाचं पिवळं मात्र वेगळं. त्यात विषाणू नाही. वेलाच्या शेंड्यातच दोन प्रकारच्या पेशी शेजारी-शेजारी राहतात. काहींत हरितद्रव्य भरपूर, काहींत फार कमी. पान तयार होताना ज्याच्या वाट्याला जेवढी जागा येईल, तेवढा तो रंग. हे लागण होऊन पसरत नाही. मामांना हे सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली. पुढच्या खेपेला येताना शेतातले उरलेले दोन पिवळे चिकट सापळे घेऊन आले आणि एक कुंडीत खोचून गेले. "असू दे, काय बिघडते?" खरंच काही बिघडलं नाही. ओल्या कुंडीवर घोंघावणारी चिलटं त्याला मस्त चिकटतात. पुण्यात हेच कार्ड मिनी साइजमध्ये ऑनलाइन विकतात.

आईचा प्रश्न वेगळाच होता. "म्हणजे पानाचा हिरवा भाग कमावतो अन् पिवळा बसून खातो?" इतकं नेमकं मला कुठल्याच गार्डनिंग व्हिडिओत ऐकायला मिळालं नव्हतं. अगदी तसंच आहे. म्हणून अशा वेलाला साध्या वेलापेक्षा जास्त उजेड लागतो. हिंजवडीतल्या माझ्या मैत्रिणीने ट्यूबलाइटखाली ठेवलेल्या ब्राझीलला सहा महिन्यांत सगळी पानं हिरवी यायला लागली. तिला वाटलं नर्सरीवाल्याने फसवलं! पूर्ण हिरवी फांदी जास्त कमावते, जोमाने वाढते आणि बघता बघता पट्टेवाल्या फांद्यांना मागे टाकते. पट्टे हवे असतील तर ती हिरवी फांदी, जिथे शेवटचं पट्टेदार पान आहे तिथपर्यंत मागे छाटावी लागते. आणि उलट, एखादी फांदी पूर्ण पिवळी निघाली तर तिला एकटीला वेगळं लावून उपयोग नाही. ती जगत नाही.

छाटणीवरून आमच्या घरात अजूनही तह झालेला नाही. निरोगी, हिरवीगार फांदी मुद्दाम कापायची, हे आईच्या हाताला जमतच नाही. कात्री मीच चालवते, आणि ती कापलेली फांदी उचलून मागच्या दारी दुसऱ्या डब्यात खोचते. तिच्याकडे आता पूर्ण हिरव्या फिलोडेंड्रॉनचा जंगी वेल झालाय. फांदी लावायचं तिला शिकवावं लागलं नाही. इसापूर धरणाच्या कालव्यावर ऊस बघितलेल्या बाईला डोळा म्हणजे काय ते ठाऊक असतं. उसाच्या बेण्यासारखंच, पेरावरचा डोळा पाण्यात किंवा मातीत गेला पाहिजे. नुसतं देठासकट पान लावलं तर मुळं फुटतील कदाचित, वेल होणार नाही. दोन-तीन आठवड्यांत ग्लासातल्या पाण्यात पांढरी मुळं दिसायला लागतात.

माती मात्र इथली चालत नाही. कापसाला लाखमोलाची असलेली ही काळी माती पाणी धरून ठेवते आणि वाळली की भेगाळते. फिलोडेंड्रॉनची मुळं त्यात कुजतात. मी कोकोपीट, जाड वाळू, विटांचे बारीक तुकडे आणि जुनं शेणखत मिसळलं. पाण्याचं वेळापत्रक नाही. बोट दीड-दोन इंच खुपसायचं, कोरडं लागलं तरच पाणी.

मे महिन्याची धास्ती होती. ४४-४५ अंशांत कॅरिबियन जंगलातला पाहुणा काय टिकणार? दुपारचं थेट ऊन पानाला लागलं की आधी पिवळा भाग करपतो, म्हणून कुंडी पूर्वेच्या खिडकीतून आत, कूलरच्या खोलीत आणली. झोतासमोर नाही, बाजूला. आणि कमाल! पुण्यात एसीच्या कोरड्या हवेत ज्याच्या पानांच्या कडा तपकिरी व्हायच्या, तो इथे जूनपर्यंत दीड हात वाढला. एसी हवेतली ओल खेचून घेतो, कूलर ओल सोडतो. वेलाला हवी होती तीच तर गोष्ट! विदर्भातला कूलर इतका एक्झॉटिक असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

झाडं हवा शुद्ध करतात म्हणून घेणार असाल, तर मात्र थांबा. १९८९ च्या नासाच्या ज्या प्रयोगाचा सगळीकडे हवाला देतात, तो बंद पेटीत झाला होता. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी अशा अनेक प्रयोगांचा हिशेब मांडला. साध्या खोलीत उघड्या खिडकीएवढा परिणाम हवा असेल, तर दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील. त्यापेक्षा खिडकी उघडा!

यंदाही मामांनी सोयाबीनच पेरलंय. दुसरं काय पेरणार, हा त्यांचाच प्रश्न. ऑगस्टपासून त्यांच्या फेऱ्या वाढतात, बाबांशी बोलायला म्हणून येतात आणि मोबाइलवर पानांचे फोटो दाखवतात. ते येणार असल्याचा फोन आला की आई काही न बोलता माझी कुंडी उचलते आणि मागच्या खोलीत नेऊन ठेवते. खिडकीत तिचा हिरवा वेल आणून ठेवते. मामा गेले की मी माझा वेल परत आणते. एका दिवसाच्या कमी उजेडाने त्याचे पट्टे कुठे जात नाहीत.