मोटारींतला वाटाड्या

वाट विचारण्यांत कमीपणा मानूं नये, असें आमच्याकडे जुनीं माणसें सांगत. पुण्यासारख्या शहरांत तर तो मानून चालण्यासारखेंच नव्हतें. येथील पेठांतून परक्या माणसास घर सांपडावयाचें तें रस्त्याच्या नांवावरून किंवा घराच्या आंकड्यावरून नव्हे, तर देवांच्या नांवांवरून. पत्र्या मारुतीपासून उजवीकडे वळा, उपाशी विठोबावरून सरळ जा, खुन्या मुरलीधर आला कीं कोणासहि विचारा, ही आमची पत्ता सांगण्याची रीत. देव जागचे हलत नाहींत, आणि अशीं नांवें एकदां ऐकलीं कीं जन्मांत विसरत नाहींत, हे त्या रीतीचे दोन मोठे गुण. तिसरा गुण असा कीं, शेवटीं कोणास तरी विचारावेंच लागे. आणि विचारलें म्हणजे सांगणारा वाटेबरोबर आणखीहि चार गोष्टी सांगे. पुढें रस्ता उकरला आहे, बोळांत गाडी शिरणार नाहीं, किंवा ज्यांच्याकडे तुम्ही निघालां आहां ते कालच गांवीं गेले!

आतां ही विचारपूस कांचेच्या एका पाटीकडे गेली आहे. ती मोटारीच्या डॅशबोर्डमध्यें बसते, गाणीं म्हणते, आलेला फोन ऐकविते, आणि मधूनच गाणें थांबवून 'दोनशें मीटरवर उजवीकडे वळा' असें बजाविते. अशी पाटी आमच्या गाडींत असावी कीं नसावी, असल्यास कोणती असावी, आणि बसविल्यावर तिचें किती ऐकावें, या तीन प्रश्नांनीं आमच्या घरांतील शांतता कांहीं आठवडे भंग पावली होती. पहिले दोन प्रश्न पैशाचे व कारागिरीचे असल्यामुळें लौकर सुटले. तिसरा तसा नव्हता, म्हणून हा लेखप्रपंच.

आमची गाडी थार जातीची. २०२० पूर्वींच्या घडणीची, म्हणजे बसावयास ओबडधोबड, पण चारहि चाकांना जोर देतां येत असल्यामुळें चिखल, ओढा, दगड यांस न जुमानणारी. ती आम्हीं वापरलेली घेतली. पहिल्या धन्यानें विकतांना आपलें वाद्य काढून नेलें होतें, त्यामुळें डॅशबोर्डच्या मधोमध एक चौकोनी भोंक आ वासून राहिलें होतें. ही गाडी मुख्यतः चालवितात आमचे चिरंजीव. नोकरीस लागल्यापासून शनिवार उजाडला कीं मित्रांना घेऊन एखादा घाट किंवा किल्ला गांठावयाचा, हा त्यांचा नेम. त्यांचें म्हणणें, हातांत फोन असतां वेगळ्या यंत्रावर पैसे कशाला घालावयाचे? घरांतून मात्र उलट हुकूम सुटला. "अहो, त्याचा फोन मांडीवर असतो, आणि नजर रस्त्यावर कमी अन् मांडीवर जास्त. समोर बसणारें कांहीं तरी घ्या, म्हणजे मान तरी वर राहील." हें म्हणणें बिनतोड होतें. आमचे तीर्थरूप आतां ऐंशीच्या पुढें आहेत, त्यांनीं वर्तमानपत्रांतून डोकें न काढतां एवढेंच विचारलें, "यंत्र घेतल्यावर तो वाटेंत कोणाला विचारायला थांबेल का रे?" त्या वेळीं कोणी उत्तर दिलें नाहीं; पण खरा प्रश्न तोच होता.

यंत्राचें किती ऐकावें हें ठरविण्याआधीं त्याला कळतें काय हें पाहिलें पाहिजे. अमेरिकेच्या जीपीएस योजनेचा पहिला उपग्रह १९७८ सालीं आकाशांत गेला. हे उपग्रह सुमारें वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरतात, आणि प्रत्येकाजवळ अणुघड्याळ असतें. उपग्रह आपली वेळ व आपलें ठिकाण सारखा सांगत असतो. तो संदेश आपणांपर्यंत येण्यास सेकंदाचा सुमारें पंधरावा हिस्सा लागतो. नेमका किती लागला, यावरून उपग्रहाचें अंतर निघतें. तीन अंतरें कळलीं म्हणजे आपली जागा ठरावी. परंतु आपल्या यंत्रांतील घड्याळ स्वस्तांतलें असल्यामुळें त्याची चूक काढण्यास चौथा उपग्रह लागतो. सप्टेंबर १९८३ मध्यें कोरियाचें एक प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएट हद्दींत शिरलें व पाडलें गेलें. २६९ माणसें प्राणांस मुकलीं. त्यानंतर ही विद्या सर्व जगास खुली करण्याचें अमेरिकेनें जाहीर केलें. तरी लष्करासाठीं मुद्दाम राखलेला ढोबळपणा दूर झाला तो मे २००० मध्येंच. आपल्या 'इस्रो'नेंहि १ जुलै २०१३ रोजीं स्वतःच्या मालिकेंतील पहिला उपग्रह सोडला, आणि २०१६ सालीं त्या मालिकेस 'नाविक' असें नांव मिळालें.

येवढा आकाशाएवढा पसारा; पण त्याचें सांगणें एकाच वाक्याचें असतें: तुम्ही येथें आहां. वाट सांगतो तो उपग्रह नव्हे, नकाशा सांगतो. आणि नकाशा हा कोणीतरी, कोणत्यातरी दिवशीं तयार केलेला असतो. त्या दिवसानंतर पूल पडला, दरड आली, नदी चढली, तर उपग्रहास त्याची वार्ता नसते. दुसरी गोष्ट अशी कीं, उपग्रहाचा संदेश फोनच्या मनोऱ्यावांचून मिळतो, पण इंटरनेटवरून येणारा नकाशा मनोऱ्यावांचून मिळत नाहीं. घाटांत ज्यांचा नकाशा कोरा होतो, ते उपग्रहांस दोष देतात. वास्तविक उपग्रह बिचारे आपलें काम करीतच असतात.

हें ध्यानांत ठेवून आम्ही व चिरंजीव नाना पेठेंत गेलों. मोटारीच्या सामानाचीं दुकानें तेथें ओळीनें आहेत. वाद्याच्या भोंकाचें माप जर्मन पद्धतीनें ठरून गेलें आहे. रुंदी १८० मिलिमीटर, उंची ५०, आणि पडद्याच्या यंत्रास त्याच्या दुप्पट म्हणजे १००. यासच बाजारांत 'डबल डिन' म्हणतात. दुकानदारांचा आग्रह दहा इंची पडद्याचा. असा पडदा भोंकाबाहेर येऊन हवेच्या झडपांवर व कळांवर सावली धरतो, आणि खडकाळ वाटेवर त्याचा डोलारा थरथरतो. म्हणून आम्हीं तो नाकारला. पेटीवर '५० वॅट गुणिलें ४' असें ठळक छापलेलें होतें. मोटारीची वीज बारा व्होल्टची, इंजिन चालू असतां चौदा-साडेचौदा. एवढ्या दाबावर चार ओहमच्या कर्ण्यास वेगळ्या ॲम्प्लिफायरशिवाय वीस-पंचवीस वॅटांपलीकडे अखंड शक्ति मिळत नाहीं, हें शाळेंतील पदार्थविज्ञानानेंहि काढतां येतें. तें ऐकून दुकानदार म्हणाले, "काका, सगळेच असं छापतात." हें उत्तर प्रामाणिक होतें, आणि त्यामुळें त्यांच्यावरील आमचा विश्वास वाढला.

आमच्या अटी तीनच होत्या. पहिली, आवाज कमीजास्त करण्यास हातांत येणारी फिरती कळ हवी. गाडी दगडांवरून उसळत असतां गुळगुळीत कांचेवरील चिमुकल्या चित्रावर बोट नेमकें पडत नाहीं, आणि तें पाडण्यासाठीं नजर रस्त्यावरून काढावी लागते. कळ मात्र न पाहतां सांपडते. दुसरी, कापडी टप उघडा असतां भर उन्हांत पडदा वाचतां आला पाहिजे. आम्हीं यंत्र दुकानाबाहेर उन्हांत लावून पाहावयास मागितलें. दोन यंत्रें तेथेंच बाद झालीं. तिसरी, नकाशा यंत्राच्या पोटांत साठलेला असावा, मनोऱ्यावर अवलंबून नसावा. तिन्ही अटी पुरविणारें यंत्र पडद्यानें लहान आणि किंमतीनें मधलें निघालें.

बसविण्याचें काम एका मिस्त्रींकडे दिलें, आणि तें होईतों आम्ही तेथेंच स्टूल टाकून बसलों. तारांचे रंग बहुधा ठरलेले असतात. पिवळी तार बॅटरीस कायम जोडलेली, ती यंत्राची स्मृति राखते. तांबडी किल्ली फिरविल्यावर वीज देते. काळी गाडीच्या लोखंडास जाते. पिवळी व तांबडी यांची अदलाबदल झाली, तर किल्ली काढतांच यंत्र सारें विसरतें. मिस्त्रींनीं गाडीची मूळ तार एकहि तोडली नाहीं. जोडास जोड मिळणारा कप्लर आणवून त्यावरच सर्व काम केलें, आणि पिवळ्या तारेंत निराळा फ्यूज घातला. अशा गाडींत मोठा शत्रु म्हणजे थरथर. तारेचें वेष्टण लोखंडाच्या धारेवर महिनोन्महिने घासलें कीं एके दिवशीं ठिणगी पडते. म्हणून त्यांनीं प्रत्येक तार वळ्यांच्या नळींतून नेली, कापडी पट्टी गुंडाळली, आणि यंत्राच्या पाठीस मागून लोखंडी पट्टीचा टेकू दिला, म्हणजे सगळें वजन पुढच्या चार स्क्रूंवर पडणार नाहीं. उपग्रहांचा संदेश धरणारी काड्यापेटीएवढी डबी धातूखालीं दडविली तर आंधळी होते. ती पुढच्या कांचेच्या पायथ्याशीं, आकाश दिसेल अशी बसविली. साडेतीन तासांनीं यंत्र बोललें. त्यानें आम्हांस नाना पेठेंतच उभें केलें, तेव्हां मिस्त्रींनीं प्रथम हात पुसले.

पहिल्या रविवारीं ताम्हिणी घाटाकडे निघालों. चांदणी चौकांतच यंत्राची परीक्षा झाली. तेथील जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ रोजीं पाडला, आणि नवीन उड्डाणपुलांचें जाळें १२ ऑगस्ट २०२३ रोजीं खुलें झालें. यंत्रासोबत आलेला नकाशा त्यापूर्वींचा होता. त्यांत पाडलेला पूल सुखरूप उभा होता. आम्ही नव्या पुलावर असतां पडद्यावरील बाण मोकळ्या माळावरून धांवत होता, आणि यंत्र 'शक्य तेव्हां परत फिरा' म्हणून विनवीत होतें. नकाशाची नवी आवृत्ति पुढें घालून घेतली. घाटांत निराळाच प्रकार झाला. एका बाजूस उभा कडा असल्यामुळें निम्में आकाश झांकलें जातें, आणि उरलेले संदेश कड्यावर आपटून उशिरा येतात. यंत्रास तें अंतर वाढल्यासारखें वाटतें. दोन-तीन वळणांवर बाण रस्ता सोडून दरींत गेला आणि थोड्या वेळानें आपोआप वर आला. दिवसाउजेडीं हें पाहून सर्वजण हंसलों. रात्रीं हंसलों असतों असें नाहीं.

कारण जानेवारी २०२१ मधील बातमी आमच्या घरांत कोणी विसरलें नव्हतें. पुण्याहून कळसूबाईस निघालेली एक मोटार रात्रीच्या अंधारांत नकाशानें दाखविलेल्या वाटेनें कोतूळकडून अकोल्याकडे जात होती. वाटेवरील पूल नकाशांत होता, खरोखरहि होता. पण धरणाचें पाणी चढून तो त्या दिवसांत पाण्याखालीं गेला होता. गाडी पाण्यांत गेली. दोघे पोहून बाहेर आले. चालविणाऱ्याचा अंत झाला. गांवांतील शाळकरी पोरासहि ठाऊक होतें कीं, पुलावर पाणी आहे. त्याला विचारण्यास मात्र कोणी थांबावयास हवें होतें, आणि यंत्र हातीं असलें कीं थांबण्याचें कारणच उरत नाहीं.

चिरंजीवांनीं डिसेंबरांत कळसूबाईचाच बेत काढला, तेव्हां घरांत पुन्हा शांतता भंगली. आईनें नको म्हटलें. मुलगा म्हणाला, "आई, आतां तर यंत्रहि आहे!" त्यावर तीर्थरूपांनीं चष्मा काढला. "यंत्र राहूं दे. पण विचारायला थांबलास कीं तेवढा वेळ गाडी तरी उभी राहते. पाण्यांत जाणारी गाडी उभी राहिली असती, तर बुडली नसती." पंचवीस वर्षांच्या मुलानें ऐकून घ्यावें असें बोलणें घरांत फार वेळां होत नाहीं, तें त्यानें ऐकून घेतलें.

मग असें ठरलें. निघण्यापूर्वीं वाटेंतील गांवें कागदावर ओळीनें लिहावयाचीं. नारायणगांव, आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर, बारी. यंत्रानें यांखेरीज जवळची वाट सुचविली तर ती दिवसां व विचारूनच घ्यावयाची. चाकाखालीं पाणी किंवा कच्ची माती दिसली कीं उतरून पाहावयाचें. आणि दर मोठ्या गांवीं चहाच्या टपरीवर पुढची खबर काढावयाची. कागद तीर्थरूपांनीं स्वतः लिहिला. अक्षर थरथरतें, पण गांवें क्रमवार.

अकोल्यांत टपरीवाल्यानें सांगितलें कीं, राजूरच्या अलीकडे रस्त्याचें काम चाललें आहे, पहांटेपर्यंत थांबा. पडद्यावर तो रस्ता निर्वेध होता. मुलें तेथेंच गाडींत दोन घटका झोंपलीं, आणि उजाडल्यावर पुढें गेलीं. परत आल्यावर चिरंजीवांनीं यंत्राचें कौतुक केलें: गाणीं छान वाजलीं, बाण एकदांहि भटकला नाहीं, मान वर राहिली. आईनें हातपाय नीट आहेत एवढें पाहून घेतलें. तीर्थरूपांनीं त्या टपरीवाल्याची हकीकत दोनदां सांगावयास लावली, आणि शेवटीं विचारलें, "चहा कसा होता रे?"