माणूस, जनावर आणि माती

दफनाच्या वेळी मंडळी उभी असते ती पुनरुत्थानाचं वचन ऐकायला. उपदेशकाच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय तिथे सहसा कुणी पाळक उघडत नाही. त्यातल्या 18 ते 21 या ओव्यांचं म्हणणं असं, की जनावर मरतं तसाच माणूस मरतो, दोघांचा श्वास एकच, दोघं मातीचे आणि मातीलाच मिळणारे. माणसाचा आत्मा वर जातो नि जनावराचा खाली, हे कुणाला ठाऊक? पवित्र शास्त्रात हे आलंच कसं, असं अभ्यासवर्गातली तरुण मुलं मला विचारतात.

आमच्या धाराशिव जिल्ह्यात या ओव्या गोड करून सांगता येत नाहीत. 30 सप्टेंबर 1993 ची भूकंपाची पहाट, आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झालेलं. लोहारा-उमरग्याच्या पट्ट्यात, सास्तूरसारख्या गावांत, मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचं जड माळवद झोपलेल्यांच्या अंगावर आलं. माणसं आणि दावणीची जनावरं एकाच ढिगाऱ्याखाली गेली. ते पाहिलेल्या माणसाला उपदेशक काय नवं सांगणार? पण त्याने पाहिलेलं शास्त्रात नोंदलेलं आहे, कुणी ते झाकलेलं नाही, याचा मला फार आधार वाटतो.

मंडळीतल्या थोरल्यांची सल मात्र निराळी आहे. माणूस पशूहून श्रेष्ठ नाही, हे त्यांच्या आज्या-पणज्यांना गावानेच ऐकवलेलं. गुरं ज्या पाणवठ्यावर पाणी पीत, तिथे त्यांना ओंजळ बुडवायची मनाई. 1927 मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी सत्याग्रह केला तो याच अन्यायाविरुद्ध. मग देवाच्या वचनातही तेच का?

अशा वेळी मी 16व्या ओवीवर बोट ठेवतो. न्याय जिथे असायला हवा तिथे दुष्टाई दिसली, असं उपदेशक तिथे सांगतो, आणि जनावराची गोष्ट त्यानंतर काढतो. त्याचा रोख आसनावर बसून दुसऱ्याला हीन ठरवणाऱ्यावर आहे: तुझाही श्वास हाच, तुझीही माती हीच. चौथा अध्याय सुरू होताच गांजलेल्यांचे अश्रू येतात, आणि त्यांचं सांत्वन करणारं कुणी नसतं. अन्याय आणि अश्रू यांच्या मधोमध या ओव्या आहेत. तिथून उपटून वाचल्या, तर ज्यांच्या बाजूने त्या बोलतात त्यांनाच लागतात.

राहिला ‘कुणाला ठाऊक?’ हा प्रश्न. आत्मा ज्याने दिला त्या देवाकडे परततो, ही बाराव्या अध्यायातली ओवी काही जण लगेच पुढे करतात. मला ती घाई पटत नाही. उपदेशकाने प्रश्न उघडा ठेवला आहे, तर पाळकानेही तो तिथे उघडा ठेवावा. शिवाय गुरांच्या पंगतीला बसवणं हा देवाच्या तोंडी अपमान नसतो. योनाच्या पुस्तकाच्या शेवटी निनवेतल्या 1,20,000 हून अधिक माणसांबरोबर तो तिथल्या गुराढोरांचीही आठवण काढतो. दुष्काळात चारा छावणीवर आपल्या जनावरांशेजारी रात्री काढलेल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

दफनाला मी तिसऱ्या अध्यायाच्या 16व्या ओवीपासून चौथ्याच्या पहिल्या ओवीपर्यंत वाचतो आणि थांबतो. घरच्यांना रडू देतो. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा 15वा अध्याय मूठमाती दिल्यावर उघडतो.