गोल शिक्का

"काकू, नमस्कार! कशा आहात? तिकडं थंडी फार असेल ना?"

बँकेतल्या गृहस्थांनी व्हिडिओ कॉलवर आईला विचारलं. आईनं फोन खिडकीकडं फिरवून दिव्याखालचा बर्फ दाखवला. ते "बापरे" म्हणाले. आणि मग त्याच सुरात, "पण काकू, तुम्ही हयात असल्याचा दाखला नाहीये आमच्याकडे."

अजून आठवलं की डोकं फिरतं.

बाबा पाटबंधारे खात्यात होते. ते गेल्यापासून आईला कुटुंबनिवृत्तिवेतन मिळतं. त्याची रीत घराघरात ठाऊक आहे: नोव्हेंबरात बँकेत जायचं, कोषागारातून आलेल्या यादीत आपलं नाव शोधायचं, पुढं सही ठोकायची, झालं. 2022 च्या उन्हाळ्यात आई माझ्याकडं मिनेसोटात आली आणि नोव्हेंबर उजाडल्यावर लक्षात आलं की यादी तिकडं आणि सही इकडं.

आधी मोबाइलवर चेहरा दाखवून पाहिला. 'जीवन प्रमाण'मध्ये 2021 पासून ती सोय आहे. आईचा चेहरा काही जुळेना. आधारवरचा फोटो कुणाचा जुळतो म्हणा! मग शोधाशोध केली. मिनेसोटाचा कारभार शिकागोच्या भारतीय कॉन्सुलेटकडं, साडेसहाशे किलोमीटर. म्हणजे मुंबईहून निघून पणजी ओलांडून काणकोण गाठावं, तेवढं. एकट्या शिकागोकडं तेव्हा अशी नऊ राज्यं होती. अधूनमधून तिथले अधिकारी आमच्याकडं येऊन शनिवारी शिबिर घेतात, पण ते काही आपल्या नोव्हेंबरच्या तालावर येत नाहीत. म्हणून मी सरळ आमच्या इथल्या बँकेत आईला नेलं. तिथल्या नोटरीनं पासपोर्ट पाहिला, आईला समोर सही करायला लावली, शिक्का मारला. फुकटात. कागद कुरियरनं मामेभावाकडं, त्यानं तो नोव्हेंबर संपायच्या आत बँकेत नेऊन दिला. मी निश्चिंत.

पुढच्या महिन्यात पेन्शन जमा झालं नाही.

आमच्याकडं रात्रीचे अकरा म्हणजे तिकडं सकाळचे साडेदहा. जानेवारीत तीन रात्री मी जागले. तिसऱ्या रात्री मामेभाऊ फोन घेऊन थेट त्या टेबलापाशी उभा राहिला. गृहस्थांनी माझा कागद फायलीतून काढला, उलटा केला, सुलटा केला.

"हा शिक्का चौकोनी आहे."

खरं होतं. मिनेसोटात नोटरीचा शिक्का चौकोनी, लांबट पट्टीसारखाच असतो, तसा कायदाच आहे. मी ते सांगितलं.

"असेल. पण नोटरीचा शिक्का गोल असतो. आणि शेजारी लाल सील असतं, ते कुठंय?"

"इकडं लाल सील लावत नाहीत हो."

"मग हे नोटरीनंच केलंय कशावरून?"

"त्यांचा नंबर आहे, मुदत आहे, सही आहे. आणि अहो, आई इथं बसलीय माझ्या शेजारी!"

तेव्हा ते काकू-नमस्कार झालं. ते आईला ओळखत होते! बाबा पासबुक भरायला जायचे तेव्हापासून. बाबांची आठवण काढली, गुडघ्याची चौकशी केली. आई पुढं सरकून म्हणाली, "अहो, मी बोलतेय ना तुमच्याशी? भूत बोलतंय का?" ते मनापासून हसले. मग माझ्याकडं वळून अगदी समजुतीच्या स्वरात म्हणाले, "ताई, काकू हयात आहेत याबद्दल आमचं दुमत नाहीच. पण कागद तसं म्हणत नाही. वकिलातीचा दाखला आणा."

दुमत नाही! हा शब्द मी पुढं आठवडाभर घोळवत होते. नकार देणारा खेकसला असता तर मला भांडता आलं असतं. पण खुशाली विचारून, हसून, ओळख दाखवून समोरच्या माणसाला जिवंत मानायचं नाही, याला काय म्हणायचं? मामेभाऊ म्हणाला, "ताई, सोड ना, किती पैसे ते?" हिशेबानं त्याचंच बरोबर होतं. शिकागोला जायचं तर पेट्रोल, एका रात्रीचं हॉटेल, पार्किंग धरून दोन महिन्यांचं पेन्शन वाटेतच संपणार. पण आई म्हणाली, "पैशाचं नाही. ते मला मेलेली म्हणतायत." तेव्हा निघालो.

वाटेत विस्कॉन्सिनभर आईनं फॉर्म मोठ्यानं वाचला. कुटुंबनिवृत्तिवेतनाला एक जास्तीची ओळ असते: मी पुनर्विवाह केलेला नाही. वय वर्षं अठ्ठ्याहत्तर. "नुसती सही करायची, का पुरावा पण द्यायचा?" असं म्हणून ती स्वतःच एवढी हसली की चष्मा काढून पुसावा लागला.

मी भांडायच्या तयारीनं गेले होते. पासपोर्ट, नोटरीचा कागद, जुनं पासबुक, सगळ्याच्या दोन-दोन प्रती. काही लागलं नाही. खिडकीमागच्या बाईंनी पासपोर्टवरचा फोटो पाहिला, मग आईकडं पाहिलं, "आंटीजी, इधर साइन कीजिए." मग शिक्का मारला. गोल. मधे अशोकस्तंभ. आणि मी, जी महिनाभर गोल शिक्क्याच्या नावानं बोटं मोडत होते, त्या शिक्क्याचा फोटो काढून तिथल्या तिथं मामेभावाला पाठवला: 'गोल आहे!!'

पेन्शन मार्चमध्ये थकबाकीसकट आलं. मामेभावाला तिथं ऐकवलं गेलं, "आधीच असं आणायचं ना."

ज्यांचे आई-वडील इकडं यायचे आहेत त्यांना सांगते, निघण्याआधी आधारवरचा फोटो नवा काढून घ्या. आणि बँकेला आधीच विचारा, परदेशातला नेमका कोणता कागद चालतो ते. जमलं तर लेखी घ्या. लेखी देणार नाहीत, पण विचारा.

पुढच्या वर्षी आईनं माझं काही न ऐकता ऑक्टोबरातच तिकीट काढायला लावलं. नोव्हेंबरात स्वतः बँकेत गेली. त्याच गृहस्थांनी खुर्ची दिली, चहा मागवला. "काकू, खास सहीला अमेरिकेहून आलात?" तर म्हणाली, "हो, तिकडं शिक्के चौकोनी मिळतात."

हे तिनं त्याच दिवशी फोनवर हसत सांगितलं. यादीत तिच्या वरच्या दोन नावांपुढं लाल शाईनं 'मयत' लिहिलेलं होतं, त्यातली एक आमच्या आळीतली, ते मात्र दुसऱ्या दिवशी सांगितलं, भाजी कोणती केली ते सांगून झाल्यावर.