वीतभर बाही

घरात शिवणाचं मशीन असलेल्या बाईला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. बाही आणि मुंढा एकमेकांच्या मापाचे हवेत. बाही कितीही सुबक बेतली, पण मुंढ्यापेक्षा बोटभर कमी निघाली, तर ती तिथे बसणार नाही. ओढूनताणून बसवली, तर बाळाच्या काखेत काचणार. कापड कोणाची भीड धरत नाही. कागदावरचं चित्र मात्र धरतं, आणि तिथेच फसगत होते.

बंगळुरूच्या जुन्या पेठेत, चिकपेटच्या आसपास, घरात मराठी बोलणारी शिंपी आणि भावसार कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. १६३८ साली हे शहर विजापूरकरांच्या हाती आलं आणि पुढे शहाजीराजांची जहागीर झालं. मराठी माणसाचं इथलं येणंजाणं इतकं जुनं आहे. बाजारात कानडी, घरात मराठी आणि हातात कात्री, अशा एका घरातल्या आक्का आज अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. बाळंतविडा शिवावा तो आक्कांनीच, असं साऱ्या गल्लीचं मत. झबलं, टोपडं, कुंची, सगळ्यांचे खाकी कागदाचे नमुने त्यांच्या पत्र्याच्या पेटीत जपलेले. टेप त्यांनी फारसा वापरला नाही. वीत, चार बोटं, दोन बोटं, हेच त्यांचं माप.

गेली दोन वर्षं त्यांचा हात कापतो. कात्री धरवत नाही. खाकी कागदही घडीवर फाटू लागले. सुनेच्या मनात आलं, हे सगळं कागदाबरोबर जायला नको. शेजारच्या शिवणवर्गातल्या मुलींना उपयोगी पडेल अशी एक पुस्तिका करावी. लहान बाळाचे नमुने ए-फोर पानावर मावतात, तेव्हा ते खऱ्या मापातच छापावेत. पान टाचणीने कापडावर लावलं आणि कापलं, की झालं.

तिने पाठीचे आणि पोटाचे भाग आपल्या कॉम्प्युटरवर रेखले. बाह्या कॉलेजात शिकणाऱ्या भाच्याने त्याच्याकडच्या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये काढून दिल्या. दोन्ही वेक्टर चित्रं. फोटो ठिपक्यांचा असतो, फार वाढवला तर फुटतो. वेक्टर चित्रात मात्र रेषा कुठून निघाली, कुठे वळली, एवढे आकडेच साठवलेले असतात. त्यामुळे ते हवं तेवढं मोठं करा, कड स्वच्छच राहते. हा त्याचा गुण, आणि धोकाही हाच. आकार बिघडला तरी ते बिघडल्यासारखं दिसत नाही.

पानं लावताना बाही जरा लहान आलेली सुनेला दिसली. तिने कोपरा धरून ओढली आणि अंगाशेजारी शोभेल एवढी केली. पान देखणं झालं. घरच्या प्रिंटरवर काढून तिने ते सासूबाईंपुढे ठेवलं.

आक्कांनी चष्मा लावला नाही. कापरा हात बाहीवर पसरला, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत.

"ही माझी बाही नव्हे गं."

"असं काय म्हणता आत्या? तुमच्याच कागदावरून काढलीय."

"माझी वीतभर असते. ही बोटभर उणी आहे."

सुनेने पेटीतला मूळ कागद काढून टेप लावला. बाहीची रुंदी अठरा सेंटिमीटर. पानावर साडेसोळा. ही पुस्तिका तशीच छापली असती, तर वर्गातल्या साऱ्या मुलींनी विकतचं मलमल कापलं असतं आणि नाव आक्कांचं खराब झालं असतं.

मग तिने भाच्याची मूळ फाइल पुन्हा, न ओढता, पानावर आणली. आता रुंदी भरली साडेतेरा. अठराचे बरोबर तीन चतुर्थांश! चूक अशी नेमक्या पटीत निघाली, की तिचं कारणही नेमकं असतं.

कारण एककाचं होतं. पुष्कळदा अशा फाइलमध्ये नुसता आकडा लिहिलेला असतो, तो कशाचा ते लिहिलेलं नसतं. छपाईच्या जगात इंचाचे ७२ भाग करतात, त्यांना पॉइंट म्हणतात. १९८० च्या दशकात पोस्टस्क्रिप्टने हाच हिशेब पक्का केला. त्याआधीच्या छापखान्यांतल्या अमेरिकन पॉइंटाचे इंचाला ७२ हून किंचित जास्त भरत. पडद्यासाठी आखलेल्या वेबच्या नियमात मात्र इंचाचे ९६ भाग. एकाने ७२ धरून लिहिलेला आकडा दुसऱ्याने ९६ धरून वाचला, की चित्र ७५ टक्के होतं. इंकस्केप हा लोकप्रिय मोफत प्रोग्रॅम आधी इंचाला ९० धरत असे. २०१७ साली आलेल्या ०.९२ आवृत्तीपासून तो ९६ धरू लागला. त्यामुळे जुनी चित्रं नव्यात उघडताना दहा सेंटिमीटरचे सव्वानऊच्या थोडे वर भरू शकतात. यात खोटं कोणीच बोलत नाही. एकाचा शेर आणि दुसऱ्याचा किलो, एवढाच प्रकार.

आणि तीन चतुर्थांश म्हणजे थोडकं नव्हे. लांबी-रुंदी दोन्ही तेवढ्याच घटल्या, की कापड निम्म्याहून जेमतेम जास्त उरतं, शंभरात छप्पन्न. दीड सेंटिमीटर शिलाईची जागा सव्वा सेंटिमीटरही राहत नाही.

उपाय सोपा निघाला. सगळ्या बाह्या डोळ्याच्या अंदाजाने न ओढता एकाच पटीने वाढवायच्या, १३३.३३ टक्के, म्हणजे तिनाचे चार. पुढची चित्रं काढताना माप मिलिमीटरमध्ये एककासकट लिहायचं. प्रत्येक चित्राभोवती एकाच मापाची चौकट ठेवायची. पानावर आणताना ते शंभर टक्क्यांवरच ठेवायचं, चौकटीत 'बसवायचं' नाही. आणि प्रत्येक चित्रात दहा सेंटिमीटरची एक रेघ काढून ठेवायची. चित्र घटलं-वाढलं, तर रेघही तेवढीच घटेल-वाढेल आणि टेप लावताच चोरी पकडली जाईल.

ही रेघ लगेच कामी आली. सुलतानपेटेत, जिथे लग्नपत्रिकांची आणि छपाईची दुकानं ओळीने आहेत, तिथे पहिला नमुना निघाला तेव्हा रेघ साडेनऊच भरली. प्रिंटर पानाच्या कडा सांभाळायला सगळंच चित्र आक्रसून घेत होता. तेवढी एक खूण काढून 'मूळ मापात' छापायला सांगितलं आणि रेघ दहाला दहा आली. सुनेने मग बाहीची वरची गोलाई आणि मुंढा, दोन्हींवर दोरा फिरवून पाहिला. जुळले.

घरोघरी असे नमुने असतात. कोणाकडे आजीची भरतकामाची वेल, कोणाकडे दारापुढच्या रांगोळीचा कागद. ते कॉम्प्युटरवर उतरवून ठेवावेतच. पण डोळा समजूतदार असतो, थोडं उणं-अधिक चालवून घेतो. म्हणून चित्राबरोबर त्याचं मापही उतरवावं. नाही तर पुढच्या पिढीला वेल मिळेल, पण ती पदरावर बसायची की रुमालावर, ते कळणार नाही.

पुस्तिकेच्या प्रत्येक पानाच्या तळाशी ती दहा सेंटिमीटरची रेघ आहे. तिच्याखाली आक्कांच्या सांगण्यावरून आणखी एक रेघ घातली आहे, अठरा सेंटिमीटरची. तिच्यावर लिहिलं आहे : 'आक्कांची वीत. कापड कापण्याआधी आपली वीत ठेवून पाहा आणि फरक लक्षात ठेवा.'