'ब' रकान्यातील गाव

उन्हाळ्याच्या सुटीत माझी नात भोपाळला आमच्याकडे राहावयास आली, म्हणजे घरातील पुस्तकांच्या कपाटाची वर्णव्यवस्था पार मोडून जाते. ज्ञानेश्वरीच्या मांडीला मांडी लावून मंगळावरची माणसे बसतात आणि जुन्या दिवाळी अंकांवर एखादे अंतराळयान उतरते. चौतीस वर्षे परिपत्रकांपलीकडे फारसे काही न वाचलेला मी निवृत्त मनुष्य. दुपारी झोप आली नाही, की हाती लागेल ते पुस्तक उघडतो. या वर्षी असे झाले, की तिने आणलेली बहुतेक पुस्तके एकाच कल्पनेभोवती फिरणारी निघाली. कोणी परके जीव आपल्याला नकळत आपल्यावर प्रयोग करीत आहेत, अशी ती कल्पना. त्यांना आपला राग नाही, लोभही नाही. आपले काय होते, एवढेच त्यांना पाहावयाचे आहे.

कल्पना काही आजची नव्हे. एच. जी. वेल्सने 1898 साली मंगळावरच्या स्वारीची कादंबरी लिहिली, तिचा आरंभच मुळी असा आहे, की आपण पाण्याच्या थेंबातले जंतू सूक्ष्मदर्शकातून पाहतो, तसे कोणीतरी दुरून आपल्याला न्याहाळीत होते. वेल्सचा प्रामाणिकपणा असा, की मंगळवासीयांना दूषण देण्यापूर्वी तो वाचकाला टास्मानियाची आठवण करून देतो. तिथल्या मूळच्या लोकांचा युरोपीय वसाहतवाल्यांनी काय निकाल लावला, हे विसरून मंगळाकडे बोट दाखवू नका, असा त्याचा रोख आहे.

पुढे 1960 साली अमेरिकेतील दूरचित्रवाणीवर रॉड सर्लिंगची एक गोष्ट दाखविली गेली. मेपल स्ट्रीट नावाची एक सालस आळी. संध्याकाळी अकस्मात तिथले दिवे जातात, मोटारी बंद पडतात. मग एकाच घरचा दिवा लागतो, एकाचीच मोटार आपोआप सुरू होते. शेजारी शेजाऱ्याकडे संशयाने पाहू लागतो आणि रात्र सरण्यापूर्वी एका निरपराध माणसाचा बळी जातो. टेकडीवर दोन परके उभे राहून हे सारे पाहत असतात. त्यांनी केवळ बटणे दाबलेली असतात; उरलेले काम आळीने स्वतःच केलेले असते. उद्या दुसरी आळी.

कर्ट व्हॉनेगटची 1959 सालची कादंबरी वाचून मात्र मला मनापासून हसू आले. तीत मानवाचा सारा इतिहास कशासाठी घडविला गेला? तर शनीच्या एका उपग्रहावर अडकून पडलेल्या परग्रहावरील दूताच्या यानाचा एक लहानसा सुटा भाग त्याला पोहोचता व्हावा म्हणून! चीनची भिंत, स्टोनहेंज या वास्तू म्हणजे त्याला वरून दिसावेत असे लिहिलेले निरोप. त्यांचा मथितार्थ एवढाच, की भाग पाठविण्याची तजवीज चालू आहे, धीर धरावा. 'प्रकरण विचाराधीन आहे' हे वाक्य ज्याने आयुष्यात हजार वेळा लिहिले, त्याला या विनोदाची खुमारी निराळी समजावून सांगावी लागत नाही.

या सर्वांत माझ्या मनात रुतून बसली ती रशियातील स्त्रुगात्स्की बंधूंची कादंबरी. तिचे नाव मराठीत सांगायचे तर 'शापित नगर' असे होईल. ती 1972 साली लिहून पूर्ण झाली. परंतु त्या राजवटीत छापली जाणे शक्य नव्हते म्हणून सोळा वर्षे दडवून ठेवावी लागली. एका बाजूला आकाशाला भिडलेली भिंत, दुसऱ्या बाजूला अथांग दरी, आणि मध्ये एक शहर. तिथला सूर्य दिव्यासारखा लागतो आणि विझतो. निरनिराळ्या देशांतून, निरनिराळ्या वर्षांतून माणसे तिथे आणली आहेत. 1951 सालच्या लेनिनग्राडचा एक खगोलशास्त्रज्ञ आहे, महायुद्धातून आलेला एक जर्मन सैनिक आहे, एक अमेरिकन प्राध्यापक आहे. प्रत्येकजण आपल्याच भाषेत बोलतो आणि प्रत्येकाला दुसऱ्याचे बोलणे आपल्याच भाषेत ऐकू येते. ठरावीक काळाने प्रत्येकाचे काम बदलते. खगोलशास्त्रज्ञ आधी कचऱ्याच्या गाडीवर, मग तपास-अधिकारी, मग संपादक. हे सारे कशासाठी, असे विचारले, तर गूढ मार्गदर्शक सांगतात, की हा 'प्रयोग' आहे. प्रयोग कशाचा, याचे उत्तर कोणाकडेच नाही.

आपल्यापैकी ज्यांनी ज्यांनी बदलीचा हुकूम हाती घेऊन बिछाने बांधले आहेत, त्यांना हे शहर अनोळखी वाटणार नाही. आज शेती, उद्या पुनर्वसन, परवा निवडणूक. जिथे जावे, तिथली भाषा तोडकीमोडकी शिकावी आणि ती जिभेवर रुळते न रुळते तोच पुढचा हुकूम यावा. त्या कादंबरीत वांग नावाचा एक चिनी झाडूवाला आहे. तो काम बदलावयास नकार देतो. जिथून आणखी खाली पडणे शक्य नाही, तिथेच राहिलेले बरे, असे त्याचे साधे तत्त्वज्ञान. मला त्याचा हेवा वाटला. तेवढे धैर्य मला कधी झाले नाही.

पुस्तक मिटून ठेवले, तेव्हा नातीने विचारले, "आजोबा, तुम्हांला काय वाटतं? हे प्रयोग करणारे दुष्ट असतात का?"

मी तिला तत्काळ उत्तर देऊ शकलो नाही. ज्या गोष्टीची मला त्या क्षणी आठवण झाली, ती मी आजवर घरात कोणाला सांगितलेली नव्हती.

साल 1979. माझी पहिली नेमणूक ओरिसातील एका आतल्या भागात झाली होती. (आज त्या राज्याला ओडिशा म्हणतात.) पाच वर्षांखालील मुलांना पूरक आहार द्यावयाचा आणि त्याचा परिणाम मोजावयाचा, अशी एक दोन वर्षांची योजना आमच्याकडे होती. काही गावे 'अ' रकान्यात होती. तिथे आहार मिळे. काही गावे 'ब' रकान्यात. तिथे मिळत नसे. मात्र मुलांची वजने दोन्हीकडे दर तीन महिन्यांनी घ्यावयाची. 'ब' नसेल तर 'अ'मधली वाढ आहारामुळे झाली की चांगल्या पावसामुळे, हे कळणार कसे? तर्क बिनचूक होता आणि आजही मी तो चूक म्हणणार नाही.

माझ्याकडे 'ब'मधले एक गाव होते. मोहाच्या फांदीला स्प्रिंगचा काटा टांगावयाचा, त्याला कापडी झोळी अडकवावयाची, एकेक मूल झोळीत घालून आकडा वहीत उतरवावयाचा, एवढेच काम. उडिया भाषेत आदराने बोलताना वाक्यामागे 'आज्ञा' म्हणतात. आपल्या मराठी कानाला तो शब्द निराळाच लागतो. जणू समोरचा मनुष्य दर वाक्याला आपला हुकूम मागतो आहे. पुढे सवय झाली आणि मी खरोखरच हुकूम देऊ लागलो.

पलीकडच्या पाड्यावरून एक बाई दर खेपेस न चुकता येई. तिचा मुलगा दोन वर्षांचा. पहिल्या खेपेस त्याचे वजन 8.2 किलो भरले, मग 8.4, मग 8.1. चौथ्या खेपेस 7.6. तिने विचारले, "किती वाढला, आज्ञा?" मी म्हणालो, "ठीक आहे." तेव्हा माझ्या ध्यानात आले, की वजन करणे हाच काही उपचार आहे, अशी तिची समजूत आहे. सरकारचा माणूस इतक्या दुरून येतो, मुलाला झोळीत घालतो, वहीत लिहितो. त्यात गुण असलाच पाहिजे! तिची ही समजूत मी दूर केली नाही.

त्या रात्री मी वरिष्ठांना टिपण लिहिले, की निदान घसरत चाललेल्या मुलांना आहार देण्याची परवानगी मिळावी. उत्तर सौम्य शब्दांत आणि सकारण आले. असे केल्यास तुलना बिघडेल, पूर्वीच्या नोंदी व्यर्थ जातील आणि पुढे हजारो मुलांना जो लाभ व्हावयाचा, त्याला विलंब होईल. मी ते पत्र फाइलला लावले.

पाचव्या खेपेस ती आली, तेव्हा तिच्या कडेवर धाकटी मुलगी होती. थोरला पावसाळ्यात गेला होता. मुलीला झोळीत ठेवताना ती हलकेच म्हणाली, "या वेळी नीट तोला, आज्ञा." मागच्या खेपांना माझ्या तोलण्यातच काही उणे राहिले असावे, असे तिला वाटले होते. मुलाच्या नावापुढे मी 'गैरहजर' असे लिहिले. त्या तक्त्यात दुसरा शब्द लिहिण्याची सोय नव्हती.

पुढच्या हुकुमाने माझी बदली झाली.

अमेरिकेतील अलाबामा राज्यात 1932 पासून चाळीस वर्षे एक पाहणी चालली होती, हे मी कितीतरी नंतर वाचले. उपदंश झालेल्या 399 काळ्या पुरुषांचा रोग कसा वाढत जातो, हे सरकारी आरोग्यखात्याचे डॉक्टर पाहत होते. पेनिसिलीन उपलब्ध झाल्यावरही त्यांनी ते दिले नाही. 'तुमचे रक्त बिघडले आहे, आम्ही उपचार करीत आहोत,' अशी त्या माणसांची समजूत करून देण्यात आली होती. 1972 साली वर्तमानपत्रांतून ते बाहेर आले आणि 1997 साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी क्षमा मागितली. स्त्रुगात्स्कींनी आपले शहर लिहून संपविले, तेही 1972 सालीच. एकीकडे दोन लेखक प्रयोगकर्त्यांची कल्पना करीत होते, आणि दुसरीकडे ते प्रयोगकर्ते नियमित वेतन घेऊन, नोंदी ठेवून, निष्ठेने काम करीत होते. आमची योजना त्या जातीची नव्हती. तिचा हेतू चांगला होता, पुढे तिचे आकडे उपयोगी पडले, असेही माझ्या कानांवर आले. परंतु मोहाखाली उभ्या असलेल्या त्या बाईला हा भेद कसा दिसावा? तिच्या बाजूने पाहिले, तर मी टेकडीवरच उभा होतो.

माझ्या मते या कथांतले भय क्रूरपणाचे नाहीच. क्रूर माणसाला निदान आपली दखल घ्यावी लागते. भय आहे ते न सांगण्याचे. प्रयोग मनुष्यही करणारच. त्यावाचून औषध नाही, बियाणे नाही, चांगले शासन नाही. पण ज्याच्यावर तो करावयाचा, त्याच्यासमोर बसून, त्याला कळेल अशा भाषेत, आपण काय देणार आहोत आणि काय देणार नाही, हे सांगता येते. 'बाई, या काट्यात औषध नाही. मुलाला शहरातल्या दवाखान्यात ने,' एवढे बोलण्याइतकी उडिया मला तेव्हा येत होती. त्या शापित नगरात तर प्रत्येकाला प्रत्येकाची भाषा कळते, आणि तरीही महत्त्वाची गोष्ट कोणीच कोणाला सांगत नाही. परक्या मुलखात भाषा शिकणे ही आपण मोठी मिळकत मानतो. ती कशासाठी शिकावयाची, हे मला उशिरा उमगले.

हे सारे मी नातीला सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आजोबा, त्या बाईचं नाव काय होतं?"

मुलाचा अनुक्रमांक सत्तावीस होता, हे मला पक्के आठवते. नाव मात्र आठवत नाही.